बंदुकीचा जीव कशात असतो?

मार्च २०२४ मधली गोष्ट. लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली होती. आचारसंहिता लागली की आमच्या टेबलावर एक वेगळाच हंगाम सुरू होतो. ज्यांच्याकडे शस्त्रपरवाना आहे त्यांनी आपापली बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची आणि पावती घ्यायची. निकाल लागले, आचारसंहिता उठली की परत न्यायची. मी साधा कारकून. माझ्या वाट्याला येतात ती नोंदवही, परवान्याचा क्रमांक, बोअरचा रकाना आणि तऱ्हेतऱ्हेच्या लोकांचे तऱ्हेतऱ्हेचे प्रश्न.

त्या दिवशी पेडण्याकडचे एक आजोबा आले. सत्तरी ओलांडलेले, अंगात स्वच्छ पांढरा सदरा, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला परवाना. वडिलांच्या मागे त्यांच्या नावावर झालेली .३१५ ची रायफल होती. त्यांनी आवाज बारीक करून विचारले, "बाब, हांव फकत बोल्ट जमा करतां. बाकीची बंदूक घरा रावूं दी. चलता?"

मी हसलो. नियमात तशी सोय नाही, पुरी रायफल जमा करावी लागेल, असे सांगितले. ते काही न बोलता गेले. पण त्यांचा प्रश्न मात्र माझ्या टेबलावरच राहिला. नियमाप्रमाणे माझे बरोबर होते, पण तत्त्वाने आजोबांचे बरोबर होते!

लहानपणी आपण सगळ्यांनी ऐकलेली गोष्ट आठवा. राक्षस काही केल्या मरत नाही, कारण त्याचा जीव त्याच्या देहात नसतोच. तो असतो सात समुद्रांपलीकडे, पिंजऱ्यातल्या पोपटात. या जातीच्या रायफलीचेही तसेच आहे. चार किलोंची ती लाकूड-लोखंडाची काठी. तिच्यातून वीतभर लांबीचा बोल्ट काढून घेतला की मागे उरते ती नुसती नळी. आणि गंमत म्हणजे गेल्या दीडशे वर्षांत सैन्यांनी आणि सरकारांनी या पोपटाची जेवढी काळजी घेतली, तेवढी बाकीच्या बंदुकीची घेतली नसेल.

मित्रहो, ज्यांनी बोल्ट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. आपल्या जुन्या घरांच्या दारांना लोखंडी आडवी कडी असते. दांडी वर उचलायची, मागे ओढायची, दार उघडायचे. बंद करताना पुढे सारायची आणि दांडी खाली पाडायची. बोल्ट-अ‍ॅक्शन म्हणजे नेमके हेच, फक्त दार असते नळीच्या मागच्या तोंडाला. बोल्ट मागे ओढला की रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते. पुढे सारला की नवे काडतूस घरात बसते. दांडी खाली पाडली की कडी लागली. मग चाप ओढल्यावर बोल्टच्या पोटातली टोकदार सळई पुढे झेपावते आणि काडतुसाच्या बुडातल्या टोपीवर आपटते. स्फोटाचा सगळा दाब नेम धरणाऱ्या माणसाच्या गालापासून चार बोटांवर रोखून धरते ती ही कडी.

माझी आणि या कडीची ओळख कॉलेजात एनसीसीमध्ये झाली. नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध होता. आम्ही कलाशाखेची मुले, इतिहासाच्या तासाला मागच्या बाकावर आणि परेडला पुढच्या रांगेत. आमच्या हाती यायच्या त्या .२२ बोअरच्या सरावाच्या रायफली. एका शिबिरात नेमबाजी आटोपल्यावर सफाईचा तास होता. सतरंजीवर बसून सगळ्यांनी आपापले बोल्ट काढले, पुसले, तेल लावले. गप्पा रंगल्या होत्या. माझा आणि शेजारच्या मित्राचा बोल्ट कधी अदलाबदल झाला ते दोघांनाही कळले नाही. बसवला, तर बसलाही!

आमचे उस्ताद लष्करातले हवालदार होते. प्रत्येकाची रायफल हातात घेऊन ते बोल्टच्या दांडीच्या मुळाशी बघत चालले होते. माझ्यापाशी थांबले.

"ये किसका बोल्ट है?"

"उस्ताद, रायफल का."

"कौन सी रायफल का?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यांनी बोट ठेवून दाखवले. दांडीच्या मुळाशी बारीक आकडे कोरलेले होते. तेच आकडे रायफलीच्या अंगावरही असायला हवे होते. ते नव्हते. त्यानंतर आम्हा दोघांना मैदानाला किती फेऱ्या मारायला लावल्या, ते इथे सांगत नाही. पण आकडा आकड्याशी जुळवल्याशिवाय सही करायची नाही ही सवय, जी पुढे सरकारी नोकरीत उपयोगी पडली, ती मला कोणत्या खात्याने नव्हे, त्या बोल्टाने लावली.

तेव्हा वाटले, केवढा हा कडकपणा! बोल्ट बसतोय ना, मग झाले. पुढे वाचत गेलो तेव्हा कारण कळले. .३०३ चे काडतूस आपल्या बुडाच्या काठावर नळीच्या तोंडाशी टेकते. बोल्टचा चेहरा आणि ते टेकण्याची जागा यांच्यातले अंतर किमान ०.०६४ इंच आणि जास्तीत जास्त ०.०७४ इंच असावे लागते. म्हणजे सगळा खेळ ०.०१० इंचाचा, कार्यालयातल्या दोन-तीन कागदांच्या जाडीएवढा! त्याहून कमी असेल तर बोल्ट बंद होत नाही. जास्त असेल तर काडतुसाचे पितळ ताणून फाटू शकते आणि तप्त वायू मागे येतो. मागे म्हणजे कुठे? डोळ्यांकडे. प्रत्येक बोल्ट कारखान्यात आपल्याच रायफलीशी जुळवून बसवलेला असतो. म्हणून दोघांच्या अंगावर एकच क्रमांक. दुसऱ्या महायुद्धातल्या नंबर ४ या प्रकारात तर बोल्टचे डोके ० ते ३ अशा चार मापांत मिळे. रायफल झिजली की शस्त्रदुरुस्ती करणारा मोठ्या मापाचे डोके लावून ते कागदभर अंतर पुन्हा भरून काढी.

ही रचना जेम्स पॅरिस ली या माणसाची. जन्म १८३१ चा, स्कॉटलंडमधला. कॅनडात वाढला, घड्याळजीचे काम शिकला आणि पुढे अमेरिकेत बंदुकांच्या मागे लागला. त्याच्या बोल्टचे कडी-कोयंडे पुढे नसून मागच्या बाजूला आहेत. जर्मनांच्या माउझरमध्ये ते पुढे, काडतुसाच्या जवळ असतात. ती रचना जास्त भक्कम. पण लीच्या बोल्टला मागे-पुढे सरकायला अंतर कमी लागते, दांडीही थोडीच उचलावी लागते, म्हणून तो झपाट्याने चालतो. १८८८ मध्ये ब्रिटिश सैन्याने ली-मेटफर्ड घेतली. पुढे कॉर्डाइट ही बिनधुराची दारू आली आणि तिच्या उष्णतेने मेटफर्डच्या उथळ खाचा लवकर झिजू लागल्या. मग एनफिल्डच्या कारखान्याने खोल खाचांची नळी केली आणि १८९५ मध्ये ली-एनफिल्ड जन्माला आली. १९०७ मध्ये तिचा मार्क ३ हा आखूड अवतार आला. तोच बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात बनू लागला आणि 'थ्री नॉट थ्री' या नावाने भारतात घरोघर माहीत झाला.

आता सफाईकडे वळतो. इथे मला बेळगावचे माझे मामा आठवतात. मराठा लाइट इन्फंट्रीत होते. त्यांचे प्रशिक्षण बेळगावच्याच केंद्रात, .३०३ वर झालेले. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही आजोळी गेलो की संध्याकाळी पडवीत गोष्टी सांगत. एकदा म्हणाले, "अरे, गोळी झाडून आलो की आम्ही बंदुकीला आधी आंघोळ घालायचो. कढत पाण्याची!"

आम्हाला वाटले, मामा थापा मारताहेत. लोखंडाला पाणी? आमच्या गोव्यात तर लोखंड पाण्यापासून लपवण्यातच जन्म जातो. पण मामा खरेच सांगत होते आणि त्यामागे रसायनशास्त्र होते. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. ते पेटले की मागे पोटॅशियम क्लोराइड उरते. म्हणजे काय, तर आपल्या जेवणातल्या मिठाचा सख्खा भाऊ. जूनचा पहिला पाऊस आला की आपल्या स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीचे काय होते, ते आगरवाड्याचे मीठ पुरुमेंताला भरून ठेवणाऱ्या कुठल्याही गृहिणीला विचारा. मिठाला पाणी सुटते. तेच नळीच्या आत आणि बोल्टच्या तोंडावर होते. ते न दिसणारे मीठ हवेतला ओलावा ओढून घेते आणि रात्रीत गंज धरतो. तेलाने मीठ विरघळत नाही. वरून कितीही तेल चोपडा, खाली मीठ आपले काम करीतच राहते. ते जाते फक्त पाण्याने. आणि पाणी कढत असेल तर लोखंड तापते, ओलावा आपोआप उडून जातो. नरसाळ्याने मागच्या तोंडातून कढत पाणी ओतायचे, मग दोरीच्या पुलथ्रूला कापडाची चिंदी अडकवून नळी कोरडी करायची. ही चिंदीसुद्धा मापाची. कोरडी करायला चार इंच बाय दोन इंच, तेल लावायला चार बाय दीड. सरकारी काम!

आणि बोल्ट? तो आधी बाहेर काढायचा. अर्थात त्याही आधी रायफल रिकामी आहे याची खात्री करायची. दांडी उचलून बोल्ट पूर्ण मागे ओढायचा, त्याचे डोके उजवीकडून वर उचलून पकडीतून सोडवायचे, की बोल्ट हातात येतो. जुने तेल पुसायचे, कारण जुने तेल म्हणजे धूळ पकडणारे फडके. मग बोल्टचा चेहरा आणि त्यातले सळईचे भोक. टोपीतून मागे आलेले मीठ तिथेच बसते. मग काडतूस ओढून काढणाऱ्या नखाच्या खालची फट. तिथे पितळेचा चुरा आणि काजळी साचते, आणि नख नीट धरेनासे झाले की रिकामे काडतूस घरातच अडकते. मग कडी जिथे कोयंड्यावर घासते त्या जागा. शेवटी बोटाला तेल लावून ते बोट सगळीकडून फिरवायचे, एवढेच तेल. मामा म्हणत, "तेल दिसले नाही पाहिजे, लागले पाहिजे."

गोळी झाडण्याआधी मात्र बोल्टच्या चेहऱ्यावरचे आणि काडतुसाच्या घरातले तेल पुसून काढायचे. हे मला पूर्वी उलटे वाटे. तेल जितके जास्त तितके बरे ना? नाही. कोरड्या घरात स्फोटाच्या क्षणी काडतुसाचे पितळ फुगून भिंतीला घट्ट धरते आणि धक्क्याचा काही भाग स्वतः सोसते. भिंतीला तेल असेल तर पितळ निसटते आणि सगळा धक्का बोल्टवर येतो. म्हणून तर इंग्रज कारखान्यात रायफल पारखताना मुद्दाम एक काडतूस कोरडे आणि एक तेल लावलेले झाडून बघत.

एवढी सगळी उठाठेव कशासाठी, असे कोणाला वाटेल. त्याला इतिहासातले एक उदाहरण पुरेसे आहे. पहिल्या महायुद्धात कॅनडाचे सैनिक सर चार्ल्स रॉस याची रायफल घेऊन फ्रान्सला गेले. तिचा बोल्ट सरळ मागे ओढायचा, दांडी उचलायची गरज नाही. नेमबाजीच्या मैदानावर अव्वल, मापे अतिशय घट्ट. पण १९१५ च्या एप्रिलमध्ये ईप्रच्या चिखलात आणि भडिमारात तो बोल्ट अडकू लागला. बुटाने लाथा मारून उघडायची वेळ आली. अनेक कॅनेडियन सैनिकांनी पडलेल्या इंग्रज सैनिकांच्या ली-एनफिल्ड उचलल्या. त्यात आणखी एक गोम होती. सफाईसाठी काढलेला तो बोल्ट चुकीचा जोडला, तरी रायफलीत बसायचा. मग कडी न लागताच गोळी सुटायची आणि बोल्ट मागे, सैनिकाच्या तोंडावर यायचा. १९१६ मध्ये कॅनडाच्या फौजेने ती रायफल आघाडीवरून काढून घेतली. हे वाचले त्या दिवशी मला उस्तादांच्या त्या फेऱ्या आठवल्या. 'बसतोय ना, मग झाले' या वाक्याची किंमत किती असू शकते, ते कळले.

आता पुन्हा आजोबांच्या प्रश्नाकडे येतो. बोल्ट वेगळा ठेवायची कल्पना त्यांची एकट्याची नव्हती. १८५७ नंतर इंग्रजांनी हिंदी शिपायाच्या हाती आपल्या गोऱ्या सैनिकापेक्षा एक पिढी जुने हत्यार द्यायचे धोरण कित्येक वर्षे चालवले. १९१४ च्या सप्टेंबरअखेर हिंदी तुकड्या मार्सेयच्या बंदरात उतरल्या, तेव्हा तिथे त्यांच्या जुन्या रायफली काढून घेऊन नव्या नमुन्याच्या द्याव्या लागल्या. वायव्य सरहद्दीवर रायफल चोरांचा एवढा सुळसुळाट होता की बराकीत रायफली साखळीने बांधत आणि बोल्ट काढून वेगळे कुलुपात ठेवत. चोराने नळी नेली तरी जीव आपल्याजवळ!

सामान्य माणसासाठी १८७८ चा शस्त्र कायदा होताच. शिवाय फौजेचे काडतूस लोकांच्या बंदुकीत चालता कामा नये, हीही काळजी. त्यातून आली .३१५ ची रायफल. बोल्ट ली-एनफिल्डच्याच घराण्यातला, काडतूस मात्र निराळे, ऑस्ट्रियन मानलिखरच्या ८ मिलिमीटरचे. स्वातंत्र्यानंतरही .३०३ बोअर सर्वसामान्यांना बंदच राहिला आणि ईशापूरचा कारखाना परवानाधारकांसाठी .३१५ बनवत राहिला. माझ्या नोंदवहीतला 'बोअर' हा लहानसा रकाना म्हणजे इंग्रजांच्या भीतीची शिल्लक आहे, हे मला नोकरीला लागून बरीच वर्षे झाल्यावर उमगले.

आपल्या गोव्यावर तेव्हा इंग्रज नव्हते, पण बोल्ट होता. पोर्तुगीज सैन्याने १८८६ मध्ये ऑस्ट्रियातली क्रोपाचेक घेतली, १९०४ मध्ये वेर्गेइरो या आपल्याच अधिकाऱ्याने सुधारलेली माउझर घेतली आणि १९३७ मध्ये पुन्हा नवी माउझर. १८ डिसेंबर १९६१ ला भारतीय सैन्य गोव्यात शिरले, तेव्हा आपल्या पायदळाची मुख्य रायफल .३०३ हीच होती. स्वयंचलित भरणारी एसएलआर सर्वत्र पोचायला अजून अवकाश होता. पुढच्याच वर्षी चीनच्या युद्धात त्याची किंमत मोजावी लागली. ब्रिगेडियर सगत सिंग यांच्या ५० पॅराशूट ब्रिगेडमधली २ पॅरा ही मराठा पलटण फोंड्याच्या वाटेने पुढे आली. लीचा बोल्ट घेऊन आलेली मराठी मुले, आणि समोर माउझरच्या परंपरेतला बोल्ट घेतलेली पोर्तुगालच्या खेड्यांतली मुले! १९ तारखेच्या रात्री गव्हर्नर जनरल व्हासालु इ सिल्वा शरण आले. साडेचारशे वर्षांचा कारभार संपला, तो सुदैवाने फारशा गोळ्या न झाडता.

.३०३ मात्र पोलिसांच्या खांद्यावर पुढे कित्येक दशके राहिली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पोलिसांच्या हाती होत्या त्या काठ्या आणि .३०३. समोर एके-४७. नंतर चर्चा झाली ती बंदुकीच्या वयाची. ती रास्तच होती. एकेक गोळी बोल्ट ओढून झाडणाऱ्याने एके-४७ समोर उभे राहायचे, यात त्या शिपायांचा काय दोष? पण मला वाटते, वयाइतकाच दुसराही प्रश्न विचारायला हवा. मांडणीवर वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या रायफलीचा बोल्ट शेवटचा कोणी आणि कधी काढला? ती घेऊन मैदानावर शेवटचे कोण गेले? नवे हत्यारसुद्धा वीस वर्षांनी जुने होणारच आहे. चिंदी घेऊन बसणारा माणूस नसेल तर त्याच्या आधीच होईल. उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० च्या संचलनात .३०३ ला निरोप दिला. एका यंत्राला एवढे आयुष्य मिळाले ते लीच्या बुद्धीमुळे हे खरे, पण रोज संध्याकाळी सतरंजीवर बसून बोल्ट पुसणाऱ्या, कुठल्याही पुस्तकात नाव नसलेल्या लाखो हातांमुळेही.

असो. २०२४ च्या जूनमध्ये आचारसंहिता उठली. पहिला पाऊस नुकताच झाला होता. पेडण्याचे ते आजोबा परवान्याच्या कामासाठी पुन्हा माझ्या टेबलापाशी आले. रायफल ताब्यात घेऊन घरी ठेवून आले होते. खिशातून रुमाल काढला आणि माझ्यासमोर उलगडला. पांढऱ्या रुमालावर तांबूस डाग होते.

"पळयलें मरे, बाब? अडेच म्हयने कोणेंच हात लायलो ना. बोल्ट म्हजेकडेन आसलो जाल्यार..."

वाक्य पुरे न करता त्यांनी रुमाल घडी करून पुन्हा खिशात ठेवला. मी विचारले, मग आता काय केले? म्हणाले, काल रात्रभर तेलात भिजत घातला आणि आज सकाळी पुसला. गंज वरवरचाच होता, गेला. वडील दर रविवारी पुसत, म्हणून आपणही पुसतो, एवढेच ते म्हणाले.

मी त्यांच्या परवान्यावरचा क्रमांक नोंदवहीतल्या क्रमांकाशी ताडून पाहिला, एक एक आकडा बोट ठेवून. जुळला. मग सही केली.